१८ मुलं, एक बॅट आणि ती लांबलचक रांग

नमस्कार मंडळी. आज आधी एक हिशेब मांडते. सॉफ्टबॉलच्या मैदानावर १८ मुलं आहेत. तुम्ही पिचिंग करताय, म्हणजे मारणाऱ्याला चेंडू टाकताय, आणि प्रत्येकाला १० चेंडू देताय. चेंडू टाकणं, तो परत येणं, पुढचा हातात घेणं, यात १२ सेकंद सहज जातात. म्हणजे १० चेंडूंना २ मिनिटं. मग हेल्मेट काढ, दुसऱ्याला दे, पट्टा लाव, यात अर्धं मिनिट. १८ मुलांची मिळून ४५ मिनिटं झाली. त्यातली प्रत्येकाच्या वाट्याला बॅटिंगची आली २.

उरलेली ४३ मिनिटं ते मूल काय करतं? उभं राहतं.

मी स्वतः दोन वर्षं अशीच प्रॅक्टिस घेतली. सातवीतली एक मुलगी कायम रांगेच्या शेवटी असायची. बुटाच्या टोकाने मातीत रेघा ओढत उभी. एकदा तिला विचारलं, कंटाळलीस का गं? म्हणाली, "मॅडम, माझा नंबर येईपर्यंत रिक्षावाले काका येतात." दिवाळीच्या सुट्टीनंतर ती खेळायला आलीच नाही. रांग मी लावली होती. तिला सॉफ्टबॉल आवडत नव्हता असं मी आजही म्हणणार नाही, कारण तो तिच्या हातात पुरेसा आलाच नाही.

तेव्हापासून माझ्या प्रॅक्टिसला रांग नाही. काय करते ते सांगते.

१८ मुलांचे तिघातिघांचे ६ गट. तिघांत एक बॅट धरतो, एक चेंडू देतो, एक बघतो आणि चेंडू गोळा करतो. मैदानावर ६ जागा. प्रत्येक जागी ७ मिनिटं, शिट्टी झाली की पुढच्या जागी. बदलायचा वेळ धरून पाऊण तासाच्या थोडं वर जातं. वेळ जवळपास तेवढाच, पण प्रत्येक मुलाचे ६०च्या आसपास स्विंग होतात, म्हणजे तेवढ्या वेळा बॅट फिरते. आधी होत होते १०.

पहिली जागा टी, म्हणजे ज्यावर चेंडू ठेवून मारायचा तो उभा खांब. (टी कॅमेऱ्यासमोर ठेवून) हा बघा. रंगाच्या रिकाम्या डब्यात सिमेंट ओतून त्यात प्लास्टिकचा पाइप उभा केलाय. वरचा वीतभर तुकडा गाडीच्या रेडिएटरच्या होज पाइपचा आहे. तो रबरी हवाच, कारण मुलांची बॅट चेंडूऐवजी पाइपावर बसतेच आणि वरचा भाग कडक असला तर हाताला झिणझिण्या येतात. थंडीत तर विचारू नका. जानेवारीत नाशिकच्या पहाटेला ॲल्युमिनियमची बॅट आधीच बर्फासारखी असते.

टी म्हणजे लहान मुलांचं खेळणं, असं पालकांनाच नाही, काही प्रशिक्षकांनाही वाटतं. मोठमोठे खेळाडूही रोज टीवर मारतात. मात्र टी ठेवायची जागा बहुतेक ठिकाणी चुकते. मुलं पोटासमोर टी घेतात. चेंडू पुढच्या पायाच्या किंचित पुढे हवा. आतला, म्हणजे अंगाजवळचा चेंडू समजायचा असेल तर आणखी पुढे, बाहेरचा, म्हणजे अंगापासून लांबचा समजायचा असेल तर थोडा मागे. ७ मिनिटांत या तिन्ही जागा बदलून मारायला लावा. एकाच जागी १५ वेळा मारलं की चौथ्या चेंडूनंतर मुलाचं डोकं तिथे नसतं.

आणि तो तिसरा, बघणारा, त्याला फक्त एक गोष्ट बघायला सांगा: बॅट फिरताना मागच्या पायाची टाच उचलून वळली का? वळली तर "वळली", नाही तर "नाही". बस. दोन गोष्टी सांगितल्या की तो एकही बघत नाही. मला तर वाटतं, मुलं मारताना जितकं शिकतात तितकंच हे बघताना शिकतात. बारा वर्षांची पोरगी मैत्रिणीला "टाच, टाच" म्हणून ओरडते ना, तिची स्वतःची टाच मग आपोआप वळायला लागते.

ही टाच आपल्याकडे जास्त महत्त्वाची, कारण आपली मुलं गल्लीत क्रिकेट खेळून येतात. पुढचा पाय टाकून सरळ बॅट आणणं त्यांच्या अंगात भिनलेलं असतं. सॉफ्टबॉलमध्ये बॅट खांद्याजवळून निघते, कंबर आधी फिरते, हात मागून येतात. शिवाय मागे कट केलेला चेंडू इथे फाउल, म्हणजे हद्दीबाहेरचा. क्रिकेट वाईट असं मुळीच नाही. क्रिकेट खेळणाऱ्या मुलाची नजर चांगली असते, तिचं कौतुक करा आणि पाय बदला.

दुसरी जागा साइड टॉस, म्हणजे बाजूने अलगद उडवून दिलेला चेंडू मारणं. समोर जाळी हवी. आमची जाळी द्राक्षबागेतली आहे, पक्ष्यांपासून घड वाचवायला लावतात ती. एका मुलाच्या आजोबांनी बाग काढली तेव्हा दिली. दुहेरी करून दोन बांबूंना बांधली आणि खाली थोडी सैल सोडली, म्हणजे चेंडू उसळून परत येत नाही.

टॉस देणं हे वेगळं कौशल्य आहे आणि ते आधी शिकवावं लागतं. देणारा बॅटरच्या तिरका पुढे, अडीच-तीन मीटरवर, एका गुडघ्यावर. चेंडू आधी दाखवायचा, हात किंचित खाली न्यायचा, मग खालूनच अलगद सोडायचा. समोर कधीच बसायचं नाही. डावखुरी मुलगी आली की देणाऱ्याने बाजू बदलायची. देणाऱ्याच्या डोक्यावरही हेल्मेट. सॉफ्टबॉल नावाला सॉफ्ट आहे. मोठ्यांच्या चेंडूचा घेर १२ इंच आणि वजन साधारण १८० ते २०० ग्रॅम, म्हणजे क्रिकेटच्या चेंडूपेक्षाही जड. म्हणून या जागी मी मोठं माणूस उभं करते. कडेला मोबाइल बघत थांबलेले आईबाबा असतात ना, त्यांनाच. आनंदाने येतात.

तिसऱ्या जागेवर भोकं असलेले प्लास्टिकचे हलके, बारीक चेंडू, समोरून टाकायचे. बारीक चेंडू बघायची सवय लागली की खरा चेंडू मोठा दिसतो.

चौथी जागा बंट, म्हणजे बॅट न फिरवता चेंडू हलकेच जवळ पाडणं, आणि पळणं. इथे एक सवय मोडायची असते: मुलं बॅट हातात घेऊन पळतात! क्रिकेटमध्ये बॅट टेकवायची असते, इथे ती टाकून पळायचं. टाकायची म्हणजे भिरकवायची नाही. मी जमिनीवर सायकलची जुनी टायर ठेवते, बॅट त्यात पडली पाहिजे. मग पहिला बेस, पूर्ण १८.२९ मीटर, आणि बेसवर न थांबता त्याच्या पुढे सरळ पळत जायचं.

पाचवी आणि सहावी जागा एकत्र, प्रत्यक्ष पिचिंग. एक गट बॅटिंगला, एक क्षेत्ररक्षणाला. चेंडू मी टाकते, ९-१० मीटरवरून. महिलांच्या मोठ्या सामन्यात हे अंतर १३.११ मीटर असतं. पण माझा वेग कमी, म्हणून मी पुढे येते, म्हणजे मुलांना विचार करायला मिळणारा वेळ खऱ्या सामन्याच्या जवळ जातो. एकजण मारतो, दुसरा बाजूला सुरक्षित अंतरावर माझ्या हाताबरोबर नुसता स्विंग जुळवतो, तिसरा जाळीमागून चेंडू पोहोचायच्या आत "बॉल" (मारण्याजोगा नाही) किंवा "स्ट्राइक" (मारण्याजोगा) ओरडतो. मारायची पाळी नसली तरी डोळे पिचरच्या हातावरच.

सगळ्या जागांची तोंडं एकाच दिशेला, मधे भरपूर अंतर. शिट्टी वाजली की सगळ्या बॅटा जमिनीवर, त्याशिवाय कुणी चेंडू उचलायला वाकणार नाही. हा नियम मोडला तर त्या दिवशी बॅट बंद, मग तो कॅप्टन का असेना. आणि हो, कॅप्टनला दर वेळी पहिली बॅटिंग देऊ नका. परवा नव्याने आलेल्या मुलाला द्या.

शेवटची १० मिनिटं खेळ. तिसऱ्या बेसवर धावणारा उभा आहे आणि त्याला घरी आणून धाव मिळवायची आहे असं समजायचं. प्रत्येकाला ३ चेंडू. दुसऱ्या बेसच्या बाजूला जमिनीवरून मारला तर २ गुण, दुसरीकडे फेअर, म्हणजे हद्दीच्या आत गेला तर १, हवेत सोपा झेल दिला तर शून्य. गुण गटाचे, एकट्याचे नाहीत. सर्वांत लहान पोराचा चेंडू सरपटत दुसऱ्या बेसकडे गेला की त्याच्या गटातली दोन मोठी मुलं जे ओरडतात, ते ऐकायला तरी एकदा हे करून बघा.

मग चेंडू मोजायचे. आम्ही ते कांद्याच्या लाल जाळीच्या गोणीत भरतो, बाहेरून दिसतात आणि ओलही धरत नाहीत. २४ आणले असतील तर २४ भरल्याशिवाय कुणी रिक्षाकडे जायचं नाही.