एकच गंगाजळी, दोन गळत्या : बँकॉक आणि सोल, 1997

नमस्कार श्रोतेहो.

जून 1997 च्या अखेरीला थायलंडच्या मध्यवर्ती बँकेकडे कागदोपत्री सुमारे 32 अब्ज डॉलरची गंगाजळी, म्हणजे परकीय चलनाचा साठा होता. 2 जुलैला तिने आपलं चलन, म्हणजे थाई बात, मोकळं सोडलं, म्हणजे त्याचा भाव बाजारावर सोपवला. ऑगस्टमध्ये तिने कबुली दिली की वायद्यापोटी, म्हणजे पुढच्या तारखेला ठरलेल्या भावाने डॉलर द्यायच्या करारांपोटी, 23.4 अब्ज डॉलर देणं आहे.

हे घडलं कसं? समजा, बातचा भाव टिकवायला बँकेने 1 अब्ज डॉलर बाजारात विकले. गंगाजळी तेवढी घटली, आणि बदल्यात आलेला बात बाजारातून आटल्यामुळे व्याजदर चढू लागले. मग बँकेने स्वॅप केला, म्हणजे बात देऊन 1 अब्ज डॉलर आज घेतले आणि सहा महिन्यांनी ठरलेल्या भावाने परत करायचं कबूल केलं. व्याजदर निवले, गंगाजळीही पूर्ववत दिसू लागली. देणं मात्र ताळेबंदाबाहेर, वायद्याच्या वहीत. हेच वारंवार केलं की वरचा आकडा जागचा हलत नाही आणि खालची वही फुगत जाते.

दक्षिण कोरियाचा रोग वेगळा. तिथल्या मध्यवर्ती बँकेने आपले डॉलर कोरियन बँकांच्याच परदेशी शाखांत ठेवी म्हणून ठेवले होते. परदेशी सावकारांनी अल्पमुदतीची कर्जं पुढे ढकलायला नकार दिला, तेव्हा या शाखांनी त्याच ठेवींतून कर्जं भागवली. ठेव परत मागावी तर शाखा बुडते, म्हणून मागताही येत नाही. नोव्हेंबर 1997 अखेर गंगाजळी 24 अब्ज डॉलरच्या आसपास दिसत होती, पण वापरता येण्याजोगे होते जेमतेम 7 अब्ज. सरकारने 21 नोव्हेंबरलाच आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं दार ठोठावलं होतं.

या दोन प्रकरणांनंतर नाणेनिधीने 1999 मध्ये गंगाजळीचा नवा तक्ता आणला. पहिल्या भागात हाताशी असलेलं परकीय चलन असतं, आणि त्यातले किती डॉलर स्वदेशी बँकांकडे व त्यांच्या परदेशी शाखांत आहेत हे वेगळं दाखवावं लागतं. ही ओळ म्हणजे कोरियाचा धडा. दुसऱ्या भागात ठरलेली देणी येतात : कर्जाचं मुद्दल, व्याज आणि वायदे, आणि तीही एक महिन्यापर्यंत, एक ते तीन महिने, तीन महिने ते एक वर्ष अशा खणांत. थायलंडचे 23.4 अब्ज इथे दिसले असते. तिसऱ्या भागात हमी, ऑप्शन (ठरलेल्या भावाने चलन घेण्याचा किंवा विकण्याचा हक्क) वगैरे संभाव्य देणी असतात.

दोन देशांची तुलना करताना बरेच जण दुसऱ्या भागाची बेरीज करून थांबतात, आणि तिथेच फसतात. हा भाग फक्त सरकार आणि मध्यवर्ती बँकेचा हिशेब देतो. खासगी बँकांनी उचललेलं परदेशी कर्ज, म्हणजे कोरियाची खरी गळती, त्यात आजही येत नाही. त्यासाठी परकीय कर्जाची आकडेवारी घ्यावी लागते, तीही उरलेल्या मुदतीनुसार. पाच वर्षांपूर्वी सहा वर्षांसाठी काढलेलं कर्ज मूळ मुदतीने दीर्घ असलं तरी फेडायचं याच वर्षी असतं. दुसरी चकवणारी गोष्ट म्हणजे डॉलरशी बांधलेले पण स्थानिक चलनात मिटवायचे वायदे. त्यात डॉलर हातचे जात नाहीत, म्हणून ते दुसऱ्या भागात न येता शेवटच्या पूरक नोंदींत जातात. एका देशाचे धरले आणि दुसऱ्याचे सोडले, तर तुलनाच चुकते.

आपली रिझर्व्ह बँकही हा तक्ता दर महिन्याला देते. फेब्रुवारी 2025 अखेर तिची वायद्यातली निव्वळ डॉलर-विक्री 88 अब्ज डॉलरच्या वर होती. गंगाजळी 600 अब्जांच्या पुढे असल्याने बँकॉकशी बरोबरी करणं हास्यास्पद ठरेल. पण शुक्रवारी संध्याकाळी बातम्यांत जो साप्ताहिक आकडा येतो, त्यातून हे 88 अब्ज वजा केलेले नसतात.