धुऱ्यावरचा धोतरा आणि सोबतीला बसणारं माणूस

(दृश्य: अमरावती जिल्हा, दर्यापूर तालुका. पऱ्हाटीच्या ओळी, कमरेला ओटी बांधून कापूस वेचणाऱ्या बाया.)

निवेदन:

वेचणीचे दिवस. धुऱ्यावर टेकलेल्या पोरांच्या मोबाइलवर नेदरलँड्समधलं एक शिबिर चाललंय. माणसं डोळ्यांवर पट्टी बांधून गाद्यांवर पडलीत, उशाशी मार्गदर्शक बसलेत. त्यांनी सायलोसायबिन, म्हणजे मनाची अवस्था पालटून टाकणारं द्रव्य, असलेल्या बुरशीचे गड्डे खाल्लेत. स्वतःच्या मनात खोल उतरायचं, म्हणून ही सगळी खटपट.

पोरं विचारतात, "आपल्या इकडे होते का हे?"

नाही. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यानं सायलोसायबिन किंवा तसंच एलएसडी हे द्रव्य जवळ ठेवणं हाच गुन्हा आहे. नेदरलँड्सनं २००८ मध्ये अशा मशरूमवर बंदी आणली, जमिनीखालचे गड्डे तेवढे सुटले. अमेरिकेच्या ओरेगॉन राज्यात २०२० च्या मतदानानंतर, २०२३ पासून सायलोसायबिन देणारी परवान्याची केंद्रं सुरू झाली.

(दृश्य: धुऱ्यावर फुललेला धोतरा.)

मग कुणीतरी म्हणतं, आपल्याकडे धोतरा आहेच की, महादेवाला वाहतोच. इथं थांबून स्पष्ट सांगायला हवं. धोतऱ्यात अ‍ॅट्रोपिन आणि स्कोपोलामिन असतं. ते पोटात गेलेला माणूस भ्रमिष्ट होतो, समोर नसलेल्यांशी बोलतो. अंग तापतं, लघवी अडते, छातीचे ठोके वाढतात. ही सरळसरळ विषबाधा आहे, जीवही जातो. पावसाळ्यातल्या टेकोड्यांचंही, म्हणजे रानातल्या मशरूमचंही, तसंच, ओळखायला चुकलं तर यकृत निकामी होऊ शकतं. कुणाच्याही सांगण्यावरून हे करून पाहू नका.

या पदार्थांवरचं संशोधन मात्र गंभीरपणे चाललंय. २००६ मध्ये जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. सायलोसायबिन घेतलेल्या ३६ निरोगी स्वयंसेवकांपैकी सुमारे दोन तृतीयांश जणांनी, दोन महिन्यांनंतरही, तो अनुभव आयुष्यातल्या पाच सर्वांत अर्थपूर्ण अनुभवांत गणला. त्याच अभ्यासात जवळपास एक तृतीयांश लोकांना तीव्र भीतीही वाटली. ती भीती निभावली, कारण माणूस सोबत होता. आधी कित्येक तास बोलून ओळख झालेली, आजारांची चौकशी झालेली. स्वतःला किंवा घरात कुणाला स्किझोफ्रेनिया असेल, तर अशा अभ्यासांत घेतच नाहीत. नंतरही बसून, जे दिसलं ते उलगडायचं.

मेक्सिकोतल्या माझातेक जमातीच्या मारिया साबिना या बाई याच मशरूमनं आजाऱ्यांवर उपचार करायच्या, त्यांच्याकडेही हीच सोबत बसायची रीत होती. रात्रभर आजाऱ्याजवळ बसायचं, गायचं. १९५७ मध्ये एका अमेरिकी साप्ताहिकानं त्यांच्याबद्दल छापलं आणि जग मशरूमसाठी त्यांच्या गावात लोटलं. गावकऱ्यांनी दोष बाईंवर ठेवला, त्यांचं घर जाळलं गेलं. लोकांना मशरूम तेवढं हवं होतं, बाईंचं बसणं कुणाला नको होतं. आमच्या मते ते बसणंच मोलाचं होतं.

(दृश्य: संध्याकाळ. पारावर बसलेली माणसं.)

आणि असं सोबत बसायला कुठला कायदा आड येत नाही. याच अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत 'विश्राम' नावाचा कार्यक्रम झाला. गावातल्याच माणसांना शिकवलं, त्यांनी घरोघरी जाऊन मनाच्या दुखण्याबद्दल बोलणं सुरू केलं. प्रशिक्षित समुपदेशक नैराश्यात असलेल्यांना भेटायचे, गंभीर असेल तर मानसोपचारतज्ज्ञ. आधी नैराश्य असलेल्या शंभरांपैकी जेमतेम ४ जण मदत घ्यायचे. दीड वर्षात ते २७ वर गेले. नापिकी आणि कर्ज यानं सुटत नाही, हे खरंच. पण एकट्यानं कुढणारा माणूस बोलता झाला, हे या मातीत घडलेलं आहे, आणि ते प्रत्येक तालुक्यात व्हावं असं आम्हांला कळकळीनं वाटतं.

घरात कुणाची झोप उडाली असेल, कुणी गप्प-गप्प राहत असेल, जगण्यात राम नाही म्हणत असेल, तर टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक लावा. केंद्र सरकारची सेवा आहे, चोवीस तास, फुकट, मराठीतही बोलता येतं. फोन लागेपर्यंत त्याच्याजवळ बसा.