४६ नंबरची बस

नमस्कार मंडळी,

“मराठी पोरगी, आणि वेस्ट इंडीजचं साहित्य शिकवते? ते कसं काय?” दिवाळी फराळाला दरवर्षी कोणीतरी विचारतंच. आज नीट सांगते.

साताऱ्याकडच्या खेड्यातून मी पुण्यात शिकायला आले, तेव्हा वर्गात ‘व्हय’ म्हटलं की हशा पिकायचा. वर्षभर मी तोंड उघडलं नाही. पुढे इंग्लंडमध्ये एम.ए. करताना सॅम सेल्वन यांची १९५६ ची कादंबरी हाती पडली, ‘द लोनली लंडनर्स’. लेखक वेस्ट इंडीजमधल्या त्रिनिदाद बेटाचे, भारतीय वंशाचे. सुरुवातीलाच हिवाळ्यातली संध्याकाळ, धुकं, आणि कादंबरीचा नायक मोझेस ४६ नंबरच्या बसनं लंडनच्या वॉटर्लू स्टेशनला निघालाय, त्रिनिदादहून येणाऱ्या अनोळखी माणसाला उतरवून घ्यायला. पाहुणा उतरतो तो पातळ सुटात. ओव्हरकोट नाही, सामान म्हणाल तर एक टूथब्रश! कोणाच्या तरी भाच्याला आणायला हीथ्रोला आपल्यातलं कोण गेलेलं नाही?

मला खिळवलं ते भाषेनं. सेल्वन यांनी आधी प्रमाण इंग्रजीत लिहून पाहिलं, जमेना. मग त्रिनिदादची बोली घेतली, आणि नुसती पात्रांच्या तोंडी नव्हे, निवेदनही बोलीतच. हसणाऱ्यांना हसायला जागाच ठेवली नाही. मी ते पुस्तक खोलीत एकटीनं मोठ्यानं वाचलं.

पुढे मी वंशभेदावर शिकवू लागले. जमैकन घरातल्या एका विद्यार्थिनीनं विचारलं, “तुमच्याकडे असं कोणाला वागवतात?” मला आमच्या गोठ्याच्या वळचणीला खोचलेला कानतुटका कप आठवला. शेतावर येणाऱ्या एका बाईंसाठीचा. आजी वरून चहा ओतायची. त्या पिऊन, कप विसळून परत खोचायच्या. त्यांचं नाव मी कधी विचारलं नाही. वर्गात मी हे सगळं सांगितलं.

पुढच्या तासाला बाबासाहेबांचं पत्र नेलं, १९४६ मध्ये अमेरिकेतले कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस यांना लिहिलेलं. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाची प्रत बाबासाहेबांनी मागितली होती. डु बॉइस यांचं उत्तरही आलं. तेव्हापासून माझ्या अभ्यासक्रमात वंश आणि जात एकत्र शिकवते.

“घरचं परदेशात कशाला उगाळायचं?” असं काहीजण म्हणतात. पण लंडनमध्ये भाड्याच्या खोल्यांवर लागायच्या त्या ‘नो कलर्ड’ (काळ्यांना जागा नाही) पाट्यांवर हळहळायचं आणि तो कप विसरायचा, हे मला जमणार नाही.

कादंबरीच्या तीन प्रती चहाच्या टेबलाजवळ ठेवल्यात. न्या, आणि मोठ्यानं वाचा. बोली कानाला लवकर सवयीची होते.