सेन्सर एकमेकांच्या बोलण्यात बोलतात तेव्हा

श्रोतेहो, नमस्कार.

दिंडोरी-निफाडकडच्या द्राक्षबागांत आता मातीचा ओलावा, पानांचा ओलेपणा, तापमान मोजणारे बिनतारी सेन्सर दिसू लागलेत. त्यातले बरेचसे लोरा पद्धतीचे, म्हणजे थोड्या विजेत लांबवर छोटे संदेश पाठवणाऱ्या रेडिओचे. असा एकेक सेन्सर म्हणजे नोड, आणि सगळ्यांचे संदेश झेलणारं यंत्र म्हणजे गेटवे. त्यांच्याबद्दल एक तक्रार अशी असते: ऑक्टोबर छाटणीनंतर बसवले तेव्हा सगळे आकडे येत होते, डिसेंबरात मधूनमधून गायब व्हायला लागले. दोष बॅटरीवर ढकलला जातो. पण बॅटरी ठणठणीत असूनही हे होतं, कारण संदेश हवेतच एकमेकांवर आदळतात.

लोरासाठी आपल्याकडे ८६५ मेगाहर्ट्झच्या पुढची पट्टी विनापरवाना वापरता येते. लोरावॅनच्या, म्हणजे लोरा नोडचं जाळं चालवायच्या नियमांच्या, भारतीय मांडणीत मूळ चॅनेल तीनच, आणि त्यांवर सगळ्या नोडनी भागवायचं. संदेश किती सावकाश पाठवायचा त्याचा आकडा म्हणजे स्प्रेडिंग फॅक्टर; तो ७ ते १२ असतो, आणि जितका मोठा तितका संदेश लांब पोहोचतो. दोन नोड एकाच चॅनेलवर, एकाच स्प्रेडिंग फॅक्टरने, एकाच वेळी बोलले की गेटवेला बहुधा एकाचंही धड कळत नाही. एकाचा सिग्नल सहाएक डेसिबलने जोरकस असेल तर तेवढा वाचतो. म्हणजे गेटवेजवळचा नोड तरतो आणि बांधाकडचा बुडतो.

मग नोड पाठवता पाठवता दुसऱ्याचं ऐकत का नाही? कारण स्वतःचा आवाज १४ डीबीएम (सिग्नलची ताकद मोजायचं माप) आणि लांबच्या नोडचा पोहोचेपर्यंत उणे ११०. फरक सुमारे अडीच लाख कोटी पटींचा! म्हणून घरातलं वायफाय बोलण्याआधी ऐकतं. चॅनेल मोकळा दिसला की ठरावीक क्षण थांबतं, मग ० ते १५ मधला कुठलाही एक आकडा घेऊन उलटं मोजतं, एकेक मोजणी ९ मायक्रोसेकंदांची. मध्येच दुसरं कोणी बोललं तर मोजणी तिथंच गोठते. पोच आली नाही तर पुढच्या खेपेला ० ते ३१, मग ६३ पर्यंत, असं करत शेवटी १०२३.

बागेत हे ऐकणं फारसं कामाचं नाही. नोडचा अँटेना मांडवाखाली, लोखंडी तारांच्या जाळ्यात, आणि गेटवे घराच्या गच्चीवर उंच खांबाला. गेटवेला दोन्ही टोकं ऐकू येतात, पण त्या दोन टोकांना एकमेकांचा पत्ता नसतो. म्हणून असे नोड साधारणपणे न ऐकताच पाठवून मोकळे होतात. ही रीत जुनीच, १९७१ साली अमेरिकेतल्या हवाई बेटांवरच्या विद्यापीठातल्या अलोहानेट या रेडिओ जाळ्याची. तिच्यात चॅनेलचा फार तर १८ टक्के वेळ सत्कारणी लागतो.

आता हिशेब बघा. २० बाइटचा संदेश स्प्रेडिंग फॅक्टर ७ वर हवेत ५७ मिलिसेकंद राहतो, १२ वर १.३ सेकंद. चाळीस नोड दर दहा मिनिटांनी एकाच चॅनेलवर बोलत असतील, तर ७ वर शंभरात एखादाच संदेश बुडेल. १२ वर सोळा. डिसेंबरचं कोडं इथं सुटतं. छाटणीनंतर मांडव उघडा असतो, फॅक्टर कमी ठेवून भागतं. पुढे पालवी दाटते, ओली पानं सिग्नल खातात, नोड आपोआप वरच्या फॅक्टरवर जातो, संदेश लांबतो आणि टक्कर वाढते. म्हणून आधी अँटेना तारांच्या वर काढा, फॅक्टर खाली आणा. संदेशही आखूड ठेवा: तापमान दोन बाइटांत मावतं, त्यासाठी लांबलचक मजकूर नको.

दुसरं, सगळे नोड ठोक्याला बोलू देऊ नका. घड्याळ लावून बरोबर दहा, वीस, तीस मिनिटांनी पाठवणारे नोड म्हणजे टक्करीची हमीच. तिथं वरचा हिशेबही लागू पडत नाही. प्रत्येक वेळी ० ते ६० सेकंदांचा वेगवेगळा उशीर प्रोग्रॅममध्ये घाला. प्रत्येक संदेशाची पोचही मागू नका. गेटवे पोच पाठवत असताना त्याला दुसरं काहीच ऐकू येत नाही, म्हणजे एकाच्या खात्रीपायी इतरांचे संदेश जातात.

बिघाड ओळखायचा कसा? संदेशावर अनुक्रमांक असतो, त्यातले खंड तपासा. एकच नोड दिवसभर तुटक आणि सिग्नल क्षीण, तर अंतराचा दोष. चांगल्या सिग्नलचे अनेक नोड ठरावीक मिनिटालाच गळत असतील, तर टक्कर.

सर्वांत वाईट वेळ अवकाळी पावसाची. पानं भिजताच सगळे नोड एकदमच इशारा पाठवतात, आणि डाऊनी या बुरशीरोगावरच्या फवारणीचा निर्णय नेमका त्याच तासात घ्यायचा असतो. अशा इशाऱ्याला नेहमीपेक्षा मोठा, चार-पाच मिनिटांपर्यंतचा अनियमित उशीर ठेवा आणि तो दोन-तीनदा पाठवायला लावा, दर खेपेला नव्या उशिराने. सेन्सर विकत घेताना विक्रेत्याला हेच विचारा: पाऊस पडल्यावर तुमचे चाळीस नोड एकाच वेळी बोलतात का? उत्तर नुसतं ‘रेंज पाच किलोमीटर आहे’ असं आलं, तर प्रश्न पुन्हा विचारा.