पोलिसाची नोकरी सोडून नाटक कंपनी काढणारा माणूस

मंडळींनो, नमस्कार.

लागोसमध्ये इतकी वर्षं काढूनही नायजेरियन नाटककार म्हटलं की आपण वोले शोयिंका यांचं नाव घेतो आणि थांबतो. आज मी ह्यूबर्ट ओगुंडे यांच्याविषयी बोलणार आहे. नाटकवेड्या मराठी माणसाला ते चटकन आपले वाटावेत असे आहेत.

जन्म १९१६ चा, इजेबू-ओडेजवळच्या ओसोसा गावचा. आधी शाळामास्तर, मग पोलीस शिपाई. १९४४ साली त्यांनी एका चर्चसाठी संगीत नाटक बसवलं आणि ते याच शहरातल्या ग्लोव्हर हॉलमध्ये झालं. लोकांनी ते इतकं उचलून धरलं की ओगुंड्यांनी पोलिसाची पक्की नोकरी सोडली आणि स्वतःची नाटक मंडळी काढली. नाटकं योरुबा भाषेत, गाणी-नाच भरपूर, आणि बिऱ्हाड पाठीवर घेऊन गावोगाव दौरे. खेळाआधी नाचगाण्याचा एक प्रवेश व्हायचा. त्याविषयी वाचताना मला आपली नांदीच आठवली.

विषय मात्र जळते. १९४५ च्या सार्वत्रिक संपावर नाटक. १९४९ मध्ये एनुगूच्या कोळसा खाणीत पोलिसांनी गोळ्या घालून २१ कामगार मारले, त्यावर पुढच्याच वर्षी नाटक. इंग्रजांनी प्रयोग अडवले, यात नवल नाही. आपलं 'कीचकवध' त्यांनी १९१० मध्ये असंच बंद पाडलं होतं.

पण मला जास्त लागलं ते पुढचं. नायजेरिया १९६० मध्ये स्वतंत्र झाला. १९६४ मध्ये ओगुंड्यांनी 'योरुबा रोनू' लिहिलं, म्हणजे 'योरुबांनो, विचार करा'. राजाचा हाताखालचाच माणूस त्याला शत्रूच्या हवाली करतो, अशी गोष्ट. तेव्हा पश्चिम प्रांतातले नेते आवोलोवो तुरुंगात होते आणि त्यांचेच जुने सहकारी अकिंटोला सत्तेवर. प्रेक्षकांना कुणी काही समजावून सांगावं लागलं नाही. सरकारने सगळ्या मंडळीवरच प्रांतात बंदी घातली. ज्या मुलखात त्यांची भाषा बोलली जाते तिथेच खेळ बंद! तरी ओगुंडे गप्प बसले नाहीत. त्यांनी नवं नाटक लिहिलं, 'ओटिटो कोरो', सत्य कडू असतं. बंदी उठली ती १९६६ मध्ये, लष्करी सरकार आल्यावर.

पुढे ते चित्रपटांकडे वळले. १९९० मध्ये लंडनला वारले.

ओसोसा इथून मोटारीने एका दिवसात जाऊन येण्यासारखं आहे. यंदाची मंडळाची सहल तिथे न्यावी, अशी माझी कार्यकारिणीला विनंती आहे. डब्यांची जबाबदारी मी घेतो.