एका सहीचा फरक

(दृश्य: टेबलावर संमतिपत्र. कॅमेरा खालच्या ओळींकडे सरकतो.)

हा कागद जानेवारी २०२१चा. १६ तारखेला देशभर कोविडचं लसीकरण सुरू झालं, पहिली रांग आरोग्य कर्मचाऱ्यांची. ज्या केंद्रांवर कोव्हॅक्सिन आली होती तिथे लस टोचण्याआधी ह्या कागदावर सही घेतली जायची, कारण लसीची तिसऱ्या टप्प्यातली चाचणी अजून चालू होती. त्यातली भरपाईची अट बघा. गंभीर त्रास झाला आणि तो लसीमुळेच झाल्याचं सिद्ध झालं, तर भरपाई कंपनी देईल.

कोव्हिशिल्डच्या केंद्रावर असा कागद नव्हता. मोबाइलवर मेसेज, अर्धा तास बसा, घरी जा.

(दृश्य: फळ्यावर खडूने सूत्र लिहिलं जातंय.)

औषधाच्या चाचणीमुळे माणूस दगावला तर किती रक्कम द्यायची, हे आपल्याकडे २०१९च्या नियमांत ठरलेलं आहे. पायाभूत रक्कम ८ लाख. तिला आधी वयाच्या गुणकाने गुणायचं, मग जोखमीच्या, आणि ९९.३७ने भागायचं. हा विचित्र आकडा आला कामगार भरपाईच्या तक्त्यातून. पासष्टी ओलांडलेल्याचा गुणक तो. पंचविशीतल्याचा २१६.९१. जोखमीचा गुणक धडधाकट माणसासाठी सगळ्यात मोठा, ४. म्हणजे पंचविशीतला निरोगी स्वयंसेवक गेला, तर घरच्यांना सुमारे ७० लाख.

जिवाचा हिशेब खडूने मांडणं कुणाला रुक्ष वाटेल. वाटू द्या. निदान आकड्यासाठी घासाघीस तरी करावी लागत नाही.

परवाना मिळालेली लस सरकारी मोहिमेत घेतलेल्या माणसासाठी मात्र असं सूत्रही नाही आणि निधीही नाही.

(दृश्य: जिल्हा रुग्णालय. कपाटातल्या फायली.)

त्याच्या वाट्याला येते ती ही फाइल. आरोग्य खात्याच्या भाषेत ‘एईएफआय’, लसीकरणानंतरची विपरीत घटना. जिल्ह्यातून नोंद होते, तपास होतो, कागद राज्याच्या आणि देशाच्या समितीपर्यंत जातात आणि शेवटी फाइलवर एक अक्षर पडतं. ‘ए’ म्हणजे लसीशी किंवा लसीकरणाशी संबंध जुळतो. ‘बी’ म्हणजे ठाम सांगता येत नाही. ‘सी’ म्हणजे योगायोग, कारण दुसरंच. ‘डी’ म्हणजे माहिती अपुरी. घाईत अंत्यसंस्कार झाले, शवविच्छेदन राहिलं, तर ‘डी’ ठरलेलाच समजा.

आणि ‘ए’ मिळाला तरी त्या अक्षरापाठोपाठ रुपया येत नाही.

(दृश्य: आलेख.)

मे २०२१मध्ये राष्ट्रीय समितीने सांगितलं, की कोव्हिशिल्डनंतर रक्ताच्या गुठळ्या झाल्याच्या संभाव्य घटना दहा लाख डोसमागे ०.६१ आहेत. प्रमाण फारच कमी, आणि लस घ्यावी याबद्दल आमच्या मनात शंका नाही. पण माणसं इतकी थोडी असतील, तर त्यांना पैसे द्यायला अडचण कसली?

ब्रिटनमध्ये यासाठी १९७९पासून कायदा आहे. एकरकमी १ लाख २० हजार पौंड. अट कडक आहे, अपंगत्व किमान ६० टक्के हवं. पण चूक कुणाची हे सिद्ध करायला लागत नाही. अमेरिकेत १९८६चा कायदा. तिथे नेहमीच्या लसींच्या डोसवर, लस जितके रोग रोखते त्या प्रत्येक रोगामागे ७५ सेंट कर बसतो आणि तो निधीत जमा होतो. म्हणजे लस घेणारे सगळे मिळून त्या मोजक्या घरांचा भार उचलतात.

(दृश्य: मुंबईची लोकल. प्रवेशद्वारावर प्रमाणपत्रांची तपासणी.)

आपल्याकडे नोव्हेंबर २०२२मध्ये केंद्र सरकारने सर्वोच्च न्यायालयात प्रतिज्ञापत्र दिलं. लस ऐच्छिक होती, सरकारवर थेट जबाबदारी येत नाही, कुटुंबांनी दिवाणी न्यायालयात जावं.

ऐच्छिक! १५ ऑगस्ट २०२१ला लोकल सर्वसामान्यांसाठी सुरू झाली, ती दोन डोस झालेल्यांनाच.

(दृश्य: मुंबई उच्च न्यायालय, बाहेरून.)

ऑगस्ट २०२२मध्ये ह्याच न्यायालयाने डॉक्टर मुलगी गमावलेल्या एका वडिलांच्या याचिकेवर नोटिसा काढल्या. मागणी १००० कोटींची.

ग्राहक आयोगाकडे जावं म्हटलं, तर तिथे तक्रारीला मुदत दोन वर्षांची. शिवाय सगळ्यांना मोफत मिळणारी सरकारी रुग्णालयाची सेवा ग्राहक कायद्याच्या कक्षेत येत नाही. खासगी रुग्णालयात ७८० रुपये मोजून कोव्हिशिल्ड घेतलेला माणूस ग्राहक ठरू शकतो. सरकारी केंद्रावर तीच लस फुकट घेतलेला ठरत नाही.

राहिला दिवाणी दावा. कोर्ट फी मागितलेल्या रकमेच्या हिशेबाने. दोष कुणाचा ते सिद्ध करायचं कुटुंबाने. बॅचचे कागद कंपनीकडे, तपासाचे कागद समितीकडे.