पेडल आधी बघा, पियानो नंतर

(पियानो शिकणारी मुलं, त्यांचे पालक आणि काही शिक्षक यांच्यासमोर पुण्यात केलेलं भाषण, थोडं नीट करून)

पत्रिकेवर विषय छापलाय 'क्लासिकल शिकलेल्याने डिजिटल पियानो कसा निवडावा', आणि ते मी सांगणार आहेच, पण सुरुवात पायापासून करणारे. कारण हे कोणी बोलतच नाही. पियानो म्हटलं की सगळे बोटांबद्दल बोलतात. दुकानात जा, बोटं. यूट्यूबवर रिव्ह्यू बघा, टच, टोन, स्पीकर, ब्लूटूथ, आणि शेवटी जाता जाता एक वाक्य, 'पेडल बॉक्समध्ये मिळतं'. अहो पण कसलं पेडल? (हे उजव्या पायाचं, सस्टेन पेडल: दाबलं की बोट उचललं तरी स्वर घुमत राहतो.) क्लासिकल वाजवणाऱ्या माणसाचा उजवा पाय बाखचे काही पीस सोडले तर सतत कामात असतो, मग अर्धा पियानो पायात असताना त्याच्यासाठी दोन वाक्यंसुद्धा नाहीत?

अकूस्टिक, म्हणजे खरा तारांचा पियानो, का घेत नाही हे इथे कोणाला सांगायला नको. तिसऱ्या मजल्यावर अपराइट (उभा पियानो) चढवायचा, ट्यूनर शोधायचा, पावसाळ्यात साउंडबोर्ड (तारांमागची लाकडी फळी) फुगला की ट्यूनिंग हललंच, उन्हाळ्यात परत खाली. मुंबई-गोव्याकडे तर खारी हवा, तारांवर गंज. आणि परीक्षेच्या आधी रात्री दहाला स्केल्स वाजवायच्या असतील तर सोसायटीचा ग्रुप आहेच. त्यामुळे डिजिटल घ्यायचा हे मान्य, त्यात कमीपणा काही नाही.

आता माझी जुनी तक्रार. माझी एक विद्यार्थिनी आहे, शाळकरी, पियानोच्या परीक्षेची ग्रेड सिक्स झालेली, माझ्याकडे अपराइटवर शिकते. घरी बरीच वर्षं ६१ कीजचा की-बोर्ड होता, शेवटी आईबाबांनी पैसे साठवून ८८ कीजचा वेटेड (खऱ्या पियानोसारख्या जड पट्ट्यांचा) घ्यायचं ठरवलं आणि मला दुकानात बरोबर नेलं. तिथला मुलगा उत्साही, मनापासून दाखवत होता, पण काय दाखवत होता तर ऱ्हिदम. मग टोन्स. व्हायोलिन, सितार, कसलातरी कॉयर. मग डेमो साँग, जे ऐकून बाबा खूश, कारण ते कोणीही वाजवलं नाही तरी छानच वाजतं. मी म्हटलं, हे पेडल हाफ घेतं का? तो म्हणाला, मॅडम, सस्टेन आहे ना, फुल सस्टेन. मी म्हटलं, अरे फुल नकोय, अर्धंच हवंय. तो बाबांकडे बघायला लागला. (हसताय, पण तुमच्यातल्या निम्म्यांच्या घरी तेच पेडल आहे, मला माहितीये.)

तर पियानो घरी आला. त्याच्याबरोबरचं पेडल म्हणजे एक चौकोनी प्लास्टिकचा ठोकळा, तळाला रबराचा पातळ पट्टा, आणि घरात गुळगुळीत व्हिट्रिफाइड टाइल्स. पायाने दाबलं की ते पुढे सरकणार, परत दाबलं की अजून पुढे, दोन पानं वाजवेपर्यंत पेडल पार भिंतीजवळ आणि मुलगी खुर्चीच्या टोकावर. बाबांनी दुतोंडी चिकटपट्टी लावली, ती चार दिवसांत सुटली. आईने खाली पायपुसणं घातलं, तर पायपुसण्यासकट सरकायला लागलं. आणि हे सगळं हसण्यावारी नेता येईल, पण क्लासला आल्यावर मला जे ऐकू यायला लागलं ते वाईट होतं. बेथोव्हनच्या मूनलाइट सोनाटाची पहिली मूव्हमेंट (पहिला भाग) चालू होती. पेडल बदलताना तिचा पाय अख्खा वर यायचा आणि खट्कन खाली आपटायचा, टाच जमिनीवर नाहीच. माझ्या अपराइटवर असं केलं की डॅम्पर (तारांचा आवाज थांबवणाऱ्या फेल्टच्या गाद्या) तारांवर धपकन आदळतात, तो आवाज ऐकू येतो. बोटं इतकी सुंदर, आणि पाय बटण दाबतोय. तिची काही चूक नव्हती, घरी रोज तिला बटणच मिळत होतं.

मूनलाइटचंच घ्या, कारण ती सगळ्यांना माहितीये. बेथोव्हनने १८०१ मध्ये लिहिली, आणि पहिल्या मूव्हमेंटवर सूचना आहे 'सेंझा सोर्दिनो', म्हणजे डॅम्पर उचललेले ठेवून वाजवा. तेव्हाच्या व्हिएन्नाच्या पियानोंचा आवाज लवकर विरायचा, म्हणून ते शोभायचं. बऱ्याच पियानोंना तर पायाचं पेडल नव्हतंच, गुडघ्याने उचलायची पट्टी असायची. आजच्या पियानोवर पेडल पूर्ण दाबून ठेवलंत तर हार्मनी बदलल्या बदलल्या सगळा चिखल. आणि प्रत्येक बारला स्वच्छ पुसून काढलंत तर ती धूसरता गेली, जी बेथोव्हनला हवी होती. मग करायचं काय? पेडल अर्धं, पाव, किंचित सोडून परत घ्यायचं. डॅम्पर तारांना नुसते टेकतात, आणि गंमत अशी की खालच्या जाड तारा तेवढ्याने थांबत नाहीत, वरच्या बारीक तारा लगेच थांबतात. म्हणजे बास राहतो आणि वरचं साफ होतं. शोपँच्या नॉक्टर्न्समध्ये डावा हात बास सोडून वर कॉर्डकडे उडी मारतो तिथेही हेच, दबुसीमध्ये तर याच्याशिवाय पानच हलत नाही.

हे स्विच पेडलवर होऊच शकत नाही. दिव्याचं बटण आणि पंख्याचा रेग्युलेटर, इतका सरळ फरक आहे. एमआयडीआयमध्ये (डिजिटल वाद्यं ज्या भाषेत संदेश पाठवतात ती) पेडलचा कंट्रोल नंबर ६४, त्याची किंमत ० ते १२७ असू शकते. साधं पेडल फक्त ० पाठवतं नाहीतर १२७. हाफ-पेडल किंवा कंटिन्युअस पेडल मधलं सगळं पाठवतं. ओळखायचं कसं? प्लग हातात घ्या आणि धातूच्या दांडीवरच्या काळ्या रेघा मोजा. एक रेघ असेल तर बहुतेक स्विच, दोन असतील तर बहुतेक कंटिन्युअस. दुकानदाराला काही विचारायची गरज नाही. मग पियानो ते ओळखतो का हे मॅन्युअलमध्ये बघा, 'हाफ पेडल' किंवा 'हाफ डॅम्पर' शब्द शोधा. आणि एका कंपनीचं कंटिन्युअस पेडल दुसऱ्या कंपनीच्या पियानोवर चालेलच असं नाही, वायरिंग वेगळं असतं, कधीकधी चक्क उलटं चालतं, पाय काढला की सस्टेन.

नावं घेऊनच सांगते म्हणजे कामाला येईल. कावाईच्या ईएस१२० बरोबर एफ-१०एच येतं, ते हाफ घेतं. रोलँडच्या एफपी-३०एक्स बरोबर डीपी-२ येतं, ते स्विच, पण वेगळं डीपी-१० घेतलंत की काम झालं. यामाहाचं एफसी३ए आणि कॅसिओच्या प्रिव्हियासाठी एसपी-३४, तीन पेडलवालं, दोन्ही हाफ घेतात. माझं म्हणणं एवढंच आहे की बजेट ठरवताना पेडलचे पैसे आधी बाजूला काढा आणि उरलेल्यात पियानो बघा. लोक नेमकं उलटं करतात, सगळा पैसा पट्ट्यांवर आणि पायाला जे फुकट मिळेल ते. आणि जमलं तर पियानोला स्क्रूने बसणारा फिक्स स्टँड आणि त्याच्याखालचं तीन पेडलचं युनिट घ्या. ते सरकत नाही, टाच टेकवता येते, आणि उना कोर्दासाठी (आवाज मऊ करणारं डावं पेडल) डावा पायही शिकतो.

चिठ्ठी आलीये, दहा मिनिटं. म्हणजे आता जे छापलंय ते भरभर.

टच. 'टच सेन्सिटिव्ह' आणि 'वेटेड' एक नाही, हॅमर अॅक्शन (पट्टीमागे खऱ्या पियानोसारखी हातोडी) लिहिलेलं पाहिजे. पियानो तुमचा जोर मोजत नाही, पट्टी खाली जाताना दोन सेन्सरमध्ये किती वेळ लागला ते मोजतो. दोनच सेन्सर असले की स्वर परत वाजवायला पट्टी बरीच वर यावी लागते. स्कार्लात्तीची के. १४१ नंबरची सोनाटा वाजवून बघा, सारखा तोच स्वर, तीन बोटं बदलत, लगेच कळेल. पियानो बनवणाऱ्या एरारने १८२१ मध्ये डबल एस्केपमेंटचं (पट्टी पूर्ण वर न येताही स्वर परत वाजवणाऱ्या रचनेचं) पेटंट घेतलं ते याच त्रासासाठी, आणि आज तिसरा सेन्सर तेच काम करतो. तर तीन सेन्सर बघा. दुसरी परीक्षा, डी फ्लॅट मेजरची स्केल अगदी हळू, पियानिस्सिमो, म्हणजे बारीकात बारीक आवाजात. अंगठा काळ्या कीजच्या मधे खोल जातो, आणि स्वस्त पियानोत आतल्या भागाची लांबी कमी असल्याने तिथे पट्टी एकदम जड लागते. दुकानात मात्र होतं काय, ज्यांच्या घरी पेटी आहे ते एक एक पट्टी दाबून नुसता आवाज ऐकतात. पेटीचा आवाज भात्यावर असतो, इथे बोटाच्या वेगावर, म्हणून हळू वाजवून बघणं जास्त महत्त्वाचं.

पॉलिफनी (एका वेळी किती स्वर वाजू शकतात ते) १२८ च्या खाली नको, पेडल धरलं की स्वर साठतात आणि स्टीरिओ टोनला एका स्वराला दोन जागा लागू शकतात.

स्टँड एक्स आकाराचा नको, जोरात वाजवलं की डुलतो आणि गुडघेही अडतात. पट्टी जमिनीपासून साधारण ७३ सेंमीवर आली पाहिजे, म्हणजे स्टँड साधारण ६० ला. बेंच वरखाली होणारा घ्याच, जेवणाच्या खुर्चीवर बसवून मुलांचे खांदे वर जातात आणि मग मनगट दुखतं म्हणून डॉक्टर.

हेडफोन वायरचे. ब्लूटूथ हेडफोनमध्ये आवाज उशिरा येतो आणि मूल नकळत लयीत मागे ओढायला लागतं. मागून उघडे असलेले हेडफोन जास्त मोकळे वाटतात, पण खोलीत दुसरं कोणी झोपलं असेल तर बंद घ्या. आणि हेडफोन घातले तरी खालच्या फ्लॅटला कीजचा ठक-ठक जातोच, स्टँडच्या पायांखाली जाड रबर मॅट टाका, पेडलही त्याच्यावरच ठेवा.

शेवटचं, सेकंडहँड. घ्या, बिनधास्त घ्या, पण मधल्या दोन ऑक्टेव्हची (सप्तकांची) प्रत्येक की अगदी हळू पाच-सहा वेळा वाजवून बघा. एखादी मधेच विनाकारण जोरात बोलली तर आतले रबर कॉन्टॅक्ट घाण झालेत किंवा झिजलेत. साफ होत असतील तर ठीक, बदलायचे असतील तर तो खर्च किमतीतून कमी करून मागा. आणि तपासायला जाताना आपलं पेडल पिशवीत घेऊन जा.